पीपीई किट कोणाला, साधा मास्क कोणाला? मीरा-भाईंदरसारख्या शहरात आरोग्य कर्मचाऱ्यांचा धोका कसा ठरला

कोरोनाकाळातला आरोग्य कर्मचारी म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, गॉगल, त्यावर फेस शील्ड. वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर तोच होता, भिंतींवरच्या चित्रांत तोच आणि गणपतीच्या देखाव्यांतही तोच. पण तुमच्या दाराशी येऊन "घरात कोणाला ताप-खोकला आहे का?" असं विचारणाऱ्या आशाताईने तो सूट घातलेला नव्हता. बहुतेकदा तिच्या तोंडावर साधा तीन पदरी मास्क असायचा.

यात नियमभंग काहीच नव्हता, कारण नियमच तसा होता.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने पीपीई, म्हणजे वैयक्तिक संरक्षणाची साधनं, कोणी कधी वापरावीत याची मार्गदर्शक सूचना २४ मार्च २०२० रोजी काढली. देशभराचा लॉकडाऊन जाहीर झाला तो हाच दिवस. या सूचनेत एक तक्ता होता आणि त्यात कामाची जागा, धोक्याची पातळी आणि साधनं अशी वाटणी केली होती. अतिदक्षता विभागात गंभीर रुग्णावर उपचार म्हणजे 'जास्त धोका', तिथे पूर्ण किट. श्वसनाचा त्रास असलेल्यांची ओपीडी म्हणजे 'मध्यम धोका', तिथे एन-९५ मास्क आणि हातमोजे. वस्तीत जाऊन पाहणी करणाऱ्या आशा आणि अंगणवाडी सेविका 'कमी धोका' या गटात. त्यांच्यासाठी तीन पदरी मास्क, हातमोजे आणि एक मीटर अंतर पाळण्याची सूचना.

मीरा-भाईंदरमध्ये हे एक मीटर अंतर कुठून आणायचं, हा साधा प्रश्न होता.

इथे प्राथमिक आरोग्य सेवा म्हणजे नेमकं कोण?

मीरा-भाईंदर हे मुंबईच्या उत्तर टोकाला, दहिसर चेकनाक्यापलीकडचं ठाणे जिल्ह्यातलं शहर. १९८५ मध्ये नगरपरिषद आणि २००२ मध्ये महापालिका झाली. २००१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साधारण ५ लाख २० हजार होती, ती २०११ पर्यंत ८ लाखांच्या वर गेली. त्यात मीरा रोडच्या सोसायट्या आहेत, भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, काशिमिऱ्याचे पाडे आहेत आणि पश्चिमेला उत्तन-चौकचे कोळीवाडेही आहेत. एकाच महापालिकेच्या हद्दीत एका टोकाला लिफ्टवाली इमारत, तर दुसऱ्या टोकाला मासळी सुकवायच्या वलांडी.

राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाच्या निकषानुसार शहरात साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावं लागतं. २०११ ची लोकसंख्या धरली तरी मीरा-भाईंदरला किमान १६ केंद्रं लागतात. एका केंद्रात वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषध निर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि घरोघरी फिरणाऱ्या एएनएम म्हणजे सिस्टर असतात. त्यांच्याखाली १,००० ते २,५०० लोकसंख्येमागे एक आशा, तीही मुख्यतः झोपडपट्टी आणि गरीब वस्त्यांसाठी. आशा हा नोकरीचा प्रकार नाही. ती 'स्वयंसेविका' आहे, तिला पगार नसतो, कामानुसार मोबदला असतो. हा तपशील पुढे विम्याच्या वेळी महत्त्वाचा ठरतो.

सरकारी यंत्रणेइतकीच मोठी दुसरी फळी आहे ती फॅमिली डॉक्टरांची. इमारतीच्या तळमजल्यावर दुकानाच्या गाळ्यात दवाखाना, पुढे चार खुर्च्या, आत एक पडदा, पंखा किंवा एसी. ताप आला की या शहरातला माणूस आधी तिथेच जातो. कोरोनातही तेच झालं. त्यात भाईंदर पश्चिमेचं पंडित भीमसेन जोशी रुग्णालय, ज्याला लोक आजही टेंभा रुग्णालय म्हणतात, ते कोविड रुग्णालय झालं. शहरातलं मोठं सरकारी रुग्णालय एका आजारासाठी राखून ठेवल्यावर बाकीच्या आजारांचा भार खालच्या पायरीवर येणार हे उघड आहे.

आणि खालच्या पायरीची अडचण अशी की तिथे येणाऱ्याला नेमकं काय झालंय ते कोणालाच ठाऊक नसतं. कोविड वॉर्डातल्या नर्सला समोरचा रुग्ण पॉझिटिव्ह आहे हे माहीत असतं, ती त्या तयारीने आत जाते. दवाखान्यातल्या डॉक्टरसमोर सर्दीवाला, मलेरियावाला आणि कोरोनावाला एकाच बाकावर बसलेले असतात. रुग्णाचा रिपोर्ट येईपर्यंत त्याची तपासणी होऊन दोन दिवस उलटलेले असतात.

हा धोका मोठ्या रुग्णालयांतही होता. एप्रिल २०२० मध्ये मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले आणि पूर्ण रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावं लागलं. निदान तिथे एकाच इमारतीतले कर्मचारी असल्याने आकडा समोर आला. शंभर वेगवेगळ्या गाळ्यांतले शंभर डॉक्टर आजारी पडले तर त्यांचा असा एकत्रित आकडा होतच नाही.

एक मीटरचा हिशेब कुठून आला?

मार्च २०२० चा तक्ता एका गृहीतकावर उभा होता. विषाणू खोकल्या-शिंकेतून उडणाऱ्या थेंबांवाटे पसरतो, हे थेंब जड असतात आणि एक-दोन मीटरमध्ये खाली पडतात. नळी घालणं, ऑक्सिजन जोरात देणं अशा मोजक्या प्रक्रियांतच विषाणू हवेत तरंगतो. हे खरं मानलं तर वाटणी बरोबर आहे. नळी घालणाऱ्याला एन-९५, लांब उभं राहून प्रश्न विचारणारीला साधा मास्क.

जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून या गृहीतकालाच आव्हान दिलं. लिडिया मोरावस्का आणि डोनाल्ड मिल्टन हे त्याचे मुख्य लेखक. त्यांचं म्हणणं होतं की साधं बोलताना, गाताना, नुसता श्वास घेतानाही अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंद जागेत ते बराच वेळ हवेत राहतात. अगरबत्तीच्या धुराची कल्पना करा. लावणाऱ्यापासून एक मीटरवर तो थांबत नाही, खोली बंद असेल तर कोपऱ्याकोपऱ्यात पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने हा मुद्दा हळूहळू मान्य केला. बंद, गर्दीच्या जागेत हवेतून संसर्ग होतो हे त्यांच्या संकेतस्थळावरच्या माहितीत स्पष्ट शब्दांत आलं ते एप्रिल २०२१ च्या शेवटी. तोवर भारतात दुसरी लाट शिगेला पोहोचत होती.

दुसरी गोष्ट वेळेची. 'संपर्क' म्हणजे सलग १५ मिनिटं जवळ असणं, असं सुरुवातीला मानलं जात होतं. अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या एका तुरुंग कर्मचाऱ्याच्या प्रकरणाने ही व्याख्या बदलली. तो बाधित कैद्यांजवळ सलग १५ मिनिटं कधीच थांबला नव्हता. एका पाळीत २२ वेळा, प्रत्येकी मिनिटभराच्या आतबाहेर, मिळून साधारण १७ मिनिटं. तरी त्याला संसर्ग झाला. त्यानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने २४ तासांतल्या सगळ्या छोट्या भेटींची बेरीज धरायला सुरुवात केली.

आता ही बेरीज मीरा रोडच्या जिन्यात मांडून बघा. १५ सप्टेंबर २०२० रोजी राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक असं पथक, रोज साधारण ५० घरं, प्रत्येकाचं तापमान आणि ऑक्सिजनची पातळी तपासायची. एका दाराशी फक्त तीन मिनिटं धरली तरी दिवसाचे अडीच तास होतात. आणि ऑक्सिमीटर बोटाला लावायचा तर हात पोहोचेल इतकं जवळ जावंच लागतं, तिथे मीटरभराचं अंतर राहत नाही. सोसायटीतल्या एका मजल्यावर समोरासमोर चार दारं, मध्ये चार पावलांची मोकळी जागा, तिला खिडकी असेलच असं नाही. पाड्यातल्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला अंग चोरावं लागतं. उत्तनच्या कोळीवाड्यात निदान खारा वारा असतो, पण घरं तिथेही एकमेकांना चिकटून आहेत.

त्यात घरातली माणसं घरात मास्क लावून बसत नाहीत. दार उघडणाऱ्याच्या तोंडावर बहुधा काहीच नसायचं. साधा मास्क मुख्यतः लावणाऱ्याकडून बाहेर जाणारं थोपवतो. म्हणजे आशाताईचा मास्क घरच्यांचं रक्षण करत होता आणि घरच्यांकडून तिच्या रक्षणाला काहीच नव्हतं. तक्त्यात मात्र तिचा धोका 'कमी' होता.

एन-९५ मध्ये असं काय असतं?

एन-९५ मधला ९५ हा आकडा टक्केवारीचा आहे. सुमारे ०.३ मायक्रॉनचे किमान ९५ टक्के कण हा मास्क अडवतो. ०.३ का, तर हा आकार पकडायला सगळ्यात अवघड असतो. त्याहून मोठे कण धाग्यांवर आपटून अडकतात, त्याहून लहान कण इकडेतिकडे भरकटत धाग्यांना चिकटतात. मधले निसटतात. म्हणून मास्कच्या आतल्या थराला कायमचा स्थिर विद्युतभार दिलेला असतो, केसांवर घासलेली फुटपट्टी कागदाचे कपटे ओढते तसा तो कण ओढून घेतो.

मास्क धुतला की बिघडतो त्याचं कारणही हेच. साबण किंवा अल्कोहोल लागलं की विद्युतभार जातो. मास्क दिसायला जसाच्या तसा, पण गाळण्याची ताकद घटलेली. तुटवड्याच्या काळात अनेकांनी मास्कवर सॅनिटायझर फवारला, ते चुकीचंच होतं. तज्ज्ञांनी सांगितलेला मार्ग वेगळा होता. चार-पाच मास्क फिरवून वापरायचे आणि वापरलेला मास्क कागदी पिशवीत घालून काही दिवस बाजूला ठेवायचा. पण त्यासाठी आधी हातात चार-पाच मास्क हवेत.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मास्क चेहऱ्याला घट्ट बसणं. नाकाशेजारी किंवा हनुवटीखाली फट राहिली तर हवा त्या फटीतूनच येते, कारण तिला गाळणीतून जाण्यापेक्षा तो रस्ता सोपा असतो. दाढी असेल तर मास्क बसत नाही. कानात अडकवायच्या पट्ट्यांपेक्षा डोक्यामागे जाणाऱ्या पट्ट्यांनी तो जास्त घट्ट बसतो. अनेक देशांत रुग्णालयांना कर्मचाऱ्याच्या चेहऱ्यावर मास्कची 'फिट टेस्ट' करावी लागते, तीही ठरावीक काळाने. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मास्क 'वाटले' जातात, म्हणजे खोका उघडला, मोजले, सही घेतली. कोणाच्या चेहऱ्याला कोणता माप बसतो हे त्यात येत नाही. बायकांचे चेहरे सरासरीने लहान असतात आणि आशा, एएनएम, परिचारिका या जवळपास सगळ्या बायकाच आहेत, एवढं तरी खरेदी करणाऱ्याने लक्षात घ्यायला हरकत नव्हती.

व्हॉल्व्हवाल्या मास्कचा किस्सा अनेकांना आठवत असेल. पुढे छोटं गोल बटण असलेले ते मास्क सुरुवातीला खूप विकले गेले, कारण त्यात श्वास सोडणं सोपं जातं. पण व्हॉल्व्हमधून बाहेर जाणारी हवा गाळली जात नाही. २० जुलै २०२० रोजी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी राज्यांना पत्र लिहून त्यांच्या वापराबाबत सावध केलं.

मग एन-९५ दिला की प्रश्न मिटला का? इतकं सरळ नाही. २०२२ च्या अखेरीस एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. कॅनडा, इस्रायल, पाकिस्तान आणि इजिप्तमधल्या २९ आरोग्य संस्थांतल्या सुमारे एक हजार कर्मचाऱ्यांना दोन गटांत विभागलं होतं. साधा वैद्यकीय मास्क वापरणाऱ्यांपैकी १०.४६ टक्के आणि एन-९५ वापरणाऱ्यांपैकी ९.२७ टक्के बाधित झाले. हा फरक इतका लहान आहे की त्यावरून ठाम काही सांगता येत नाही. यावर वाद झाला. एक आक्षेप असा की कर्मचारी मास्क फक्त रुग्ण तपासताना लावत होते, पण संसर्ग घरी, बाजारात, जेवणाच्या टेबलावरही होतो. प्रयोगशाळेत एन-९५ साध्या मास्कपेक्षा खूप सरस आहे यात शंका नाही. प्रत्यक्षात तो किती तास, किती घट्ट आणि कोणकोणत्या जागी लावला, यावर त्याचा उपयोग अवलंबून असतो.

आणि तो पांढरा सूट?

मार्च २०२० च्या आधी भारतात पीपीई सूटचं उत्पादन जवळपास नव्हतंच. मे महिन्याच्या मध्यापर्यंत रोज साडेचार लाख सूट तयार होऊ लागले आणि देश जगातला दुसऱ्या क्रमांकाचा उत्पादक ठरला. कौतुक करण्यासारखीच गोष्ट आहे ती. कोइमतूरच्या 'सिट्रा' या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेत कापडाची परीक्षा व्हायची. दाब देऊन कृत्रिम रक्त कापडावर टाकायचं आणि ते आरपार जातं का ते पाहायचं.

यातच मेख आहे. ही परीक्षा रक्ताची आहे, हवेची नाही. शस्त्रक्रियेत किंवा अतिदक्षता विभागात अंगावर द्रव उडतो, तिथे तिचा अर्थ आहे. श्वासावाटे होणाऱ्या आजारात मात्र नाक-तोंड झाकणारा मास्क हाच किटमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग असतो. सूट दुरून दिसतो, फोटोत येतो, त्याचं वाटप करता येतं. मास्क नाकाशी नीट बसलाय का हे फोटोत दिसत नाही. त्यामुळे देशभर 'किट मिळाले की नाही' याची चर्चा झाली आणि मास्कच्या मापाची झाली नाही.

मे महिन्यातल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तो सूट घालून काम करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. एकदा घातला की पाणी नाही, शौचाला जाणं नाही, मासिक पाळीत बदलण्याची सोय नाही. आणि घामाने भिजलेला, दमलेला माणूस सूट काढताना चुका करतो. काढण्याचा क्रम ठरलेला आहे. हातमोजे आधी, मास्क सगळ्यात शेवटी आणि तोही समोरून न धरता पट्ट्यांना धरून, मध्येमध्ये हात धुवायचे. संसर्गाची एक मोठी शक्यता याच पाच मिनिटांत असते. दुसरी शक्यता चहाच्या वेळी. दिवसभर मास्क लावून काम केलेले चौघे एका लहान खोलीत मास्क काढून बसतात, तेव्हा समोर रुग्ण नसतो म्हणून कोणालाच धोका जाणवत नाही.

किती जणांना संसर्ग झाला?

आयसीएमआरच्या तिसऱ्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ मध्ये, देशभरातल्या ७,१७१ आरोग्य कर्मचाऱ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं तपासली गेली. २५.७ टक्के जणांना आधीच संसर्ग होऊन गेला होता. सर्वसामान्य लोकांत हे प्रमाण साधारण २१.५ टक्के होतं. या आकड्याच्या आतला तपशील जास्त बोलका आहे. डॉक्टर-परिचारिकांत २६.६ टक्के, निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांत २५.४, वस्तीत फिरणाऱ्यांत २५.३ आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांत २४.९ टक्के.

रुग्णाला हात लावणारा डॉक्टर आणि केसपेपर काढणारा कारकून यांच्यात दोन टक्क्यांचाही फरक नाही. याचे दोन अर्थ निघू शकतात. एक, डॉक्टरांना जास्त चांगली साधनं होती म्हणून त्यांचा धोका खाली आला. दोन, संसर्ग रुग्णाच्या खाटेपाशीच होतो हा समज अपुरा होता, इमारतीतली हवा सगळ्यांची एकच होती. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. 'कमी धोका' हा शिक्का मात्र या आकड्यांत कुठेच दिसत नाही.

ब्रिटन आणि अमेरिकेतला एक मोठा अभ्यास 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये जुलै २०२० मध्ये आला. त्यात सुमारे एक लाख आरोग्य कर्मचारी होते. त्यांना संसर्ग होण्याची शक्यता सर्वसामान्यांच्या ३.४ पट निघाली, तीही कोणाची तपासणी जास्त होते हा फरक वजा करून. पुरेशी साधनं असलेल्यांपेक्षा तीच साधनं पुन्हा वापरावी लागलेल्यांचा धोका जवळपास दीडपट होता.

भारतात आयसीएमआरने मे २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या गोळीच्या चार किंवा अधिक मात्रा घेतलेल्या कर्मचाऱ्यांत संसर्ग कमी दिसला आणि बातम्या त्याच्याच झाल्या. पीपीई वापरणाऱ्यांत संसर्ग कमी होता हेही त्याच अभ्यासात होतं, त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिबंधासाठी ही गोळी वापरू नये अशी ठाम शिफारस केली.

मृत्यूंचा आकडा आणखी अवघड. जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात ८० हजार ते १ लाख ८० हजार आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत प्रश्न आला तेव्हा, आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही, असं उत्तर मिळालं. संतापलेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनने तोवर मरण पावलेल्या ३८२ डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. दुसऱ्या लाटेत त्यांनी सुमारे ८०० मृत्यू नोंदवले. या याद्या डॉक्टरांच्या आहेत. आशा, एएनएम, सफाई कर्मचारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यासाठी इतक्या ताकदीची संघटना यादी करायला बसली नव्हती.

गेल्यावर घरच्यांना काय मिळालं?

केंद्राने मार्च २०२० अखेरीस आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचं विमा संरक्षण जाहीर केलं. आशाही त्यात होत्या. जिवंतपणी त्यांना मिळणारी रक्कम मात्र निराळीच होती. राज्यातल्या सुमारे ७० हजार आशा जून २०२१ मध्ये संपावर गेल्या. आठवडाभराने संप मिटला तेव्हा एक हजार रुपयांची मानधनवाढ आणि महिन्याला ५०० रुपये कोविड भत्ता ठरला. मेल्यावर ५० लाख आणि काम करताना दिवसाला साधारण १७ रुपये भत्ता, हा हिशेब त्या काळात अनेक आशांनी मांडला नसेल तरच नवल.

खासगी डॉक्टरांचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि ते ठाणे जिल्ह्यातलंच आहे. नवी मुंबई महापालिकेने ३१ मार्च २०२० रोजी दवाखाने उघडे ठेवा, नाही तर गुन्हा दाखल करू, अशी नोटीस दिली होती. तिथल्या एका खासगी डॉक्टरने दवाखाना चालू ठेवला. जून २०२० मध्ये कोविडने त्यांचा मृत्यू झाला. पत्नीने विम्यासाठी अर्ज केला तो नाकारला गेला. कारण काय, तर योजना सरकारने कोविड कामासाठी 'अधिग्रहित' केलेल्या डॉक्टरांपुरती आहे आणि दवाखाना उघडा ठेवायला सांगणं म्हणजे अधिग्रहण नव्हे. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही हेच म्हटलं. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ बदलला. साथरोग कायदा, राज्याचे नियम आणि महापालिकेची नोटीस एकत्र वाचली तर डॉक्टरांच्या सेवा अधिग्रहित झाल्या होत्याच, असा निर्वाळा दिला. तरी प्रत्येक दाव्यात मृत्यू कोविडचं काम करतानाच झाला हे कुटुंबाला पुराव्याने दाखवावं लागणार आहे.

गाळ्यातल्या दवाखान्यासाठी हा पुरावा म्हणजे काय? साडेपाच वर्षांपूर्वीची रुग्णांची वही असेल तर. साधनं देताना या डॉक्टरांना यंत्रणेत धरलं नव्हतं, त्यामुळे यंत्रणेच्या कागदावर त्यांची नोंदही नाही. मीरा-भाईंदरमध्ये पहिली तपासणी बहुतांशी अशाच दवाखान्यांत होते, म्हणून शेजारच्या शहरातला हा निकाल इथल्या डॉक्टरांनाही जवळचा आहे.

मास्कच्या आधी काय करता येतं?

औद्योगिक सुरक्षेत एक जुना क्रम शिकवतात. आधी धोका काढून टाका, ते जमत नसेल तर जागेत बदल करा, मग कामाची पद्धत बदला आणि सगळ्यात शेवटी माणसाला साधनं द्या. पीपीई या शिडीची शेवटची पायरी आहे, पण आपण साथीत तिथूनच सुरुवात केली.

वरच्या पायऱ्यांपैकी लस १६ जानेवारी २०२१ पासून आरोग्य कर्मचाऱ्यांना मिळू लागली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने आपल्या कर्मचाऱ्यांचा दुसऱ्या लाटेतला अनुभव मांडला आहे. दोन डोस घेतलेल्यांत संसर्ग ६५ टक्क्यांनी, तर रुग्णालयात दाखल होण्याची वेळ ७७ टक्क्यांनी कमी आली.

दुसरी पायरी खिडकीची. पेरूची राजधानी लिमामध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासाठी वाचण्यासारखा आहे. संशोधकांनी आठ रुग्णालयांतल्या ७० खोल्यांची हवा मोजली आणि क्षयरुग्णासोबत २४ तास काढल्यास किती जणांना संसर्ग होईल याचं गणित मांडलं. यंत्राने नियमाप्रमाणे हवा खेळवलेल्या खोल्यांत ३९ टक्के, नव्या इमारतींतल्या उघड्या खिडक्यांच्या खोल्यांत ३३ टक्के आणि १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत फक्त ११ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारसही, नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या ओपीडीत प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा, अशी आहे. शटर एका बाजूला आणि मागे भिंत अशा गाळ्यात एसी लावून ती मिळत नाही, कारण साधा स्प्लिट एसी खोलीतली तीच हवा फिरवतो.

हे सगळं कोरोनाने नव्याने शिकवलं असंही नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत आणि क्षयरोग हवेतूनच पसरतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ हा धोका रोज घेतात, त्यासाठी कोणी लॉकडाऊन लावत नाही की थाळ्या वाजवत नाही. हवेतून पसरणाऱ्या संसर्गासाठी भारताची राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१० सालचीच आहे, म्हणजे कोरोनाच्या दहा वर्षं आधीची. खोकणाऱ्या रुग्णाला रांगेतून आधी बाजूला काढा आणि त्याला मास्क द्या, प्रतीक्षेची जागा मोकळ्या हवेत ठेवा, थुंकीचा नमुना खोलीत नव्हे तर बाहेर उघड्यावर घ्या. पंखा आणि टेबल असं लावा की वारा आधी डॉक्टरकडून रुग्णाकडे आणि मग खिडकीतून बाहेर जाईल. यातल्या शेवटच्या सूचनेला खर्च जवळपास नाही. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांची खुर्ची खिडकीच्या बाजूला आहे की तुमची, आणि मुळात खिडकी आहे का, हे बघता येईल.